वधूपक्षाकडून मी

“बाकीचे कधी येणार आहेत?” मी विचारलं.

“कोण बाकीचे?” त्या म्हणाल्या.

लग्नाची खरेदी आहे, असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं. आणि लग्नाच्या खरेदीला बायका एकट्या येत नाहीत. आई, मावशी, वहिनी, शिवाय प्रत्येक वस्तूत खोड काढणारी एखादी शेजारीण, असा घोळका येतो. सगळे जमल्याशिवाय ट्रे काढायचे नाहीत, नाहीतर तोच माल दोनदा दाखवावा लागतो. म्हणून मी मघापासून दाराकडे बघत होते.

“मी एकटीच आहे. दाखवा तुम्ही.”

सुरतेत घोडदोड रोडला हंसाबेनचं दुकान होतं. पर्स, स्कार्फ, बेल्ट, इमिटेशनचे सेट, केसांच्या पिना. साडीवर लागतं ते सगळं, फक्त साडी नाही. पाटीवर त्यांनी हौसेनं ‘बुटिक’ असं लिहून घेतलं होतं. प्लेग येऊन गेल्यानंतरची वर्षं होती. शहर घासूनपुसून काढल्यासारखं झालं होतं आणि अशी दुकानं निघत होती. मी तिथं सेल्स बघायचे. माझं माहेर मालेगावचं. नवरा बँकेत होता, त्याची बदली भरूचला झालेली, तो शनिवारी यायचा. मूलबाळ नव्हतं. दिवसभर घराच्या भिंती बघण्यापेक्षा बरं, म्हणून नोकरी धरली होती.

सेल्समधली एक गोष्ट सांगते. घोळक्यात जी पैसे देते ती ठरवत नाही. नवरी तर नाहीच नाही. मागे स्टुलावर कुणीतरी गप्प बसलेली असते, तिनं मान हलवली की माल पॅक. तिला आम्ही ‘चावी’ म्हणायचो. आधी चावी ओळखायची, मग तिच्याशीच बोलायचं. इथं तो प्रश्नच नव्हता.

“साडी कुठली आहे? आणि नवरीचा रंग?” मी विचारलं.

त्यांनी पिशवीतून साडी काढली. मोरपंखी, बारीक जरीची. “साडी ही. आणि नवरी मीच.”

वय चाळिशीचं असावं. कानाजवळचे केस पांढरे झाले होते. आमच्या कामात चेहरा हलू द्यायचा नसतो. मी मोत्यांचा ट्रे काढला.

त्यांचं नाव विमलबाई. लिंबायतच्या मराठी शाळेत शिक्षिका. डिंडोलीला दोन भावांबरोबर राहायच्या. त्यांनी एक नाजूक सेट घातला, आरशात पाहिलं, आणि मागे वळून पटकन म्हणाल्या, “माले कसं दिसस वं?”

मागे मीच होते. त्या एकदम ओशाळल्या. “घरचं बोलणं आलं तोंडात,” म्हणाल्या. “सवय आहे वहिनीला विचारायची.”

“चांगलं दिसस,” मी म्हणाले. सुरतेत आल्यापासून माझ्याशी कुणी अहिराणीत बोललं नव्हतं. दुकानात गुजराती, बिल्डिंगमध्ये गुजराती, नवऱ्याशी पुस्तकातली मराठी. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला.

मग त्या बसल्या. वडील गेले तेव्हा भाऊ लहान होते. त्यांची शिक्षणं, नोकऱ्या, लग्नं सगळं बाईंनी केलं. आता वलसाडच्या देसाईंशी लग्न ठरवलं होतं. रेल्वेतले, विधुर. भाऊ म्हणाले, या वयात हे काय थेर, आणि तेही गुजराती माणसाशी! तेव्हापासून घरात कुणी बोलत नव्हतं.

“ताट वाढून ठेवतात,” बाई म्हणाल्या. “बोलत नाहीत.”

सेट, अंबाड्याची पिन आणि एक पर्स त्यांनी घेतली. पर्सचा पट्टा लांब होत होता. तो छोटा करून उद्या देते, असं मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा त्यांनी पर्स उघडूनही बघितली नाही.

“काय झालं?”

“उद्या कचेरीत लग्न आहे. तीन साक्षीदार लागतात. दोन देसाईंचे मित्र आहेत. माझ्याकडून शाळेतली मैत्रीण येणार होती. काल माझा भाऊ तिच्या घरी जाऊन आला. आज ती माझ्याशी नजरही मिळवेना.” मग त्या म्हणाल्या, “तुम्ही याल का?”

हंसाबेन गल्ल्यावरून ऐकत होत्या. मराठी त्यांना कळायची. त्यांनी मला आत बोलावलं.

“सुनीताबेन, घराक आहे ती. सेट विकला, वात पूरी, विषय संपला. उद्या तिचे भाऊ इथं येऊन काच फोडतील, तर कोण भरणार?”

“मी रजा घेते,” मी म्हणाले.

“रजा घ्या. पण दुकानाचं नाव नको.”

कचेरीत बाई बाकड्याच्या टोकाला बसल्या होत्या. मोरपंखी साडी, मोत्यांचा सेट. पिन तिरकी झाली होती. मी ती काढून नीट बसवली. त्यांनी डोळे मिटून मान खाली केली, लहान मुलीसारखी. देसाई सरळ माणूस वाटले. हातात रुमाल घेऊन सारखा कपाळाचा घाम पुसत होते.

कारकुनानं विचारलं, “कन्यापक्षाकडून कोण?”

“मी.”

“कोण लागता?”

मी बाईंकडे पाहिलं. बाईच म्हणाल्या, “माझ्याकडच्या आहेत.”

कारकुनानं रजिस्टर पुढं सरकवलं. सह्या झाल्या, हार झाले. देसाईंच्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या, त्या मोठ्या खोलीत अगदीच थोड्या वाटल्या. बाहेर रिक्षा उभी होती. दोघं स्टेशनवर निघाली. बाईंनी माझा हात धरला. “वलसाडला या,” म्हणाल्या. मी “येते” म्हणाले. पत्ता त्यांनी दिला नाही, मीही मागितला नाही. रिक्षा वळली. देसाईंच्या मित्रांनी मला पेढ्यांचा बॉक्स दिला आणि तेही गेले.

घरी येऊन एक पेढा खाल्ला. लग्नाहून आलं की कुणीतरी विचारतं, कोण कोण आलं होतं, नवरी कशी दिसत होती. शनिवार अजून लांब होता. बॉक्सचं झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवलं.

पुढच्या आठवड्यात बाईंचा भाऊ दुकानात आला. कचेरीतल्या सहीवरून त्यानं माझं नाव-पत्ता काढला होता आणि बिल्डिंगमध्ये विचारून दुकान गाठलं होतं. “आमच्या घरात नाक खुपसणाऱ्या तुम्ही कोण?” तो ओरडला. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. 

हंसाबेन गल्ल्यावरून उठल्या. “भाई, अवाज नीचे,” त्या म्हणाल्या. “तुझी बहीण लग्नाची खरेदी करायला या दुकानात एकटी आली होती. तेव्हा तू क्यां होतास?”

त्यानं ट्रेमधल्या मोत्यांच्या सेटकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “कशी होती ती? त्या दिवशी?”

“चांगली दिसत होती,” मी म्हणाले.

तो गेला. त्यानंतर कधी आला नाही. बाईही आल्या नाहीत. मी दुकानात आणखी बरीच वर्षं होते. वलसाडची कुणी बाई आली की मी चौकशी करायचे, पण कुणाला काही ठाऊक नसायचं.

कायद्याला साक्षीदाराचं नाव, पत्ता आणि सही लागते. त्या जोडप्याचं पुढं कसं काय चाललंय, हे साक्षीदाराला कळवण्याची त्यात काही सोय नाही.