गाडीचं दार लागायच्या आधीची शांतता

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगतोय — म्हणजे इथेही भेकडपणाच, नाही का? असेल.

मी अमरावतीत लग्नाच्या फिल्म बनवतो. आमच्या धंद्यातली रीत अशी, की बिदाईचा मूळ आवाज काढून टाकायचा आणि वर सनई चढवायची. तुम्ही कधी बिदाई नुसती ऐकली आहे? नाकं ओढल्याचे आवाज, कुणी बॅग शोधतंय, मागे जनरेटर. त्यावर सनई टाकली की तेच रडणं गोड होतं. अन् ती सनई मधेच तोडली, की बघणाऱ्याच्या छातीत धस्स होतं. हे मला फार चांगलं जमतं.

वरूडच्या एका संत्रा बागायतदाराची मुलगी, प्रणाली. अकोल्याला दिली. मंगलाष्टकांच्या वेळी तिच्या शालूला लावलेला छोटा माईक काढायचा राहून गेला. आठवडाभरानं मी हेडफोन लावून बिदाई कापायला बसलो. गाडीच्या दाराशी ती बापाच्या गळ्यात पडली आणि —

थांबा. मला वाटलं, सगळ्याच पोरी त्या वेळी असं काहीबाही बोलतात. नाही, हे खोटं आहे. असं मला मुळीच वाटलं नव्हतं. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं होतं.

"बाबा, तुमाले सांगतलं होतं न मी, साखरपुडा झाल्यापासूनच तो मारते. मले नका धाडू."

"चूप राय. लोकं पाहून रायले."

मग गाडीचं दार.

तिच्या आईला एक फोन करायला काय लागलं असतं? पण पार्टी मोठी होती, अन् नसती भानगड कोण ओढवून घेतो? फिल्ममधून मी नेमकं तेवढंच पुसलं. त्या मिठीवर सनई तोडली, पूर्ण शांतता ठेवली, दार लागताच सनई पुन्हा सुरू केली. फिल्म बघताना अख्खं घर हमसून रडलं. पुढे कितीतरी गिऱ्हाइकांना मी तीच शांतता नमुना म्हणून दाखवली. अभिमानानं दाखवली.

दुसऱ्या वर्षी प्रणाली गेली. गच्चीवरून पडली, असं सासरचे म्हणाले.

तेरवी झाल्यावर तिची आई दुकानात आली. सोबत तिचा बाप. "भाऊ, फोटो लय हायेत घरी. आवाज कुठंच नाही तिचा. तुमच्यापाशी असन का?"

होता. मूळ रेकॉर्डिंग माझ्याजवळ जसंच्या तसं होतं.

"काकू, आमी आवाज ठेवत नाही," मी म्हणालो. इतका वेळ खाली बघणाऱ्या बापानं मान वर केली. फिल्ममध्ये शांतता नेमकी कुठे आहे, हे त्याला ठाऊक होतं. निघताना त्यानं माझा हात दाबला — आणि मी तो दाबू दिला.

त्याच संध्याकाळी मी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. पोलिसांच्या कामी येईल हे कळत होतं, म्हणूनच पुसलं.

काकू ती फिल्म रोज लावतात, असं त्यांच्या शेजारचा एक जण सांगत होता. गाडीच्या दाराशी आवाज जातो, तेव्हा त्या रिमोट घेऊन आवाज वाढवत राहतात. वाढवत राहतात, आणि मग एकदम मोठ्यानं सनई सुरू होते.