परत पाठवणाऱ्या आपा

आपांच्या पुढ्यात चहा ठेवला तरी त्या आधी कपात डोकावून बघत. साय, चहापत्ती, माशी, सगळी तपासणी झाली की मग पहिला घोट. कर्जत स्टेशनाजवळ भांड्यांच्या दुकानावर आमचं दोन खुर्च्यांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. एका खुर्चीत खालापूरच्या आपा, दुसरीत कडावची मी, नवखी आणि भलतीच शहाणी.

कशेळ्याच्या वरच्या वाड्यांतून आशाताई मोबाइलवर फॉर्म भरायच्या: पेशंट कोण, वाडी कुठली, दवाखान्यात न्यायला गाडी कधी हवी. तो जेसॉन, म्हणजे कंप्युटरला वाचता येणारा मजकूर, होऊन आमच्या सर्व्हरवर यायचा आणि कंट्रोलर नावाचा कोडचा तुकडा तो उघडून ड्रायव्हरच्या यादीत टाकायचा. "पोस्ट होऊन आलं म्हंजे दारात आलेलं गाठोडं गं," आपा म्हणायच्या. "आदी सोडून बघ, मग घरात घे." मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, झालं यांचं सुरू!

आपांना पुण्यात नोकरी लागली होती. त्या कोंदट माळ्यावर दहा वर्षं काढल्यावर! काम माझ्या हाती आलं की त्या सुटणार होत्या. त्यासाठी घेतलेली नवी बॅग लेबलासकट टेबलाखाली असायची. म्हणूनच नवा कंट्रोलर त्यांनी मला एकटीला लिहू दिला.

मी लिहिला. काहीही येवो, भरून घ्यायचं आणि 'मिळालं' म्हणून मोकळं व्हायचं. आठवडाभरात एका आशाताईंनी वाडीचा रकानाच सोडला. ड्रायव्हर रोजच्या ओळखीचा, त्याला काय वाडी सांगायची! 'मिळालं' वाचून त्या अडलेल्या बाळंतिणीपाशी निर्धास्त बसल्या. त्या दिवशी नेमका बदली ड्रायव्हर होता. तो यादीतली कोरी चौकट बघत कशेळ्याच्या नाक्यावर उभा. शेवटी माणसांनी बाईला डोलीतून खाली आणलं. बाई वाचली, बाळही वाचलं. बातमी येईपर्यंत मी फोनपाशीच बसून होते.

आपा ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या कंट्रोलरला तपासणी घातली. एक जरी रकाना रिकामा असला तर 'मिळालं' म्हणायचं नाही, काय राहिलं ते सांगून फॉर्म लगेच परत पाठवायचा. परतीचा निरोप त्यांनी आपल्याच बोलीत लिहिला. मग पुण्याला फोन करून नकार कळवला. "कशी जाऊ गं? तू अजून न बघताच घेतेस."

बघून मग घ्यायला शिकेपर्यंत माझी दोन वर्षं गेली. आणि मग पुण्यात नोकरी लागली ती मला! मी म्हटलं, "आपा, तुमी जा, मी थांबते." त्यांनी टेबलाखालची बॅग ओढून माझ्यासमोर ठेवली. "माजी पुण्याची जागा कवाच भरली. दोघींनी कशाला अडकायचं? जा तू."

ते लेबल मी अजून काढलेलं नाही. लाज वाटते. फार आठवण आली की मी मोबाइलवर फॉर्म उघडते, वाडीचा रकाना रिकामा ठेवते आणि पाठवते. क्षणात परत येतो:

"वाडी लिवली नाय. परत पाठवा. मी हितंच हाय."