पाणी गोरं

तराफ्यावर पाऊल ठेवण्याआधी धाकूबाय खाडीत बोट बुडवायच्या, ते जिभेला लावायच्या आणि थुंकायच्या. रोज. खारेपणा मोजायचं यंत्र माझ्या हातात असायचं. मी आकडा वाचून वहीत मांडेपर्यंत त्या शिंपल्यांची पहिली माळ वर ओढायला लागलेल्या असत.

मुरुडजवळच्या खाडीत कोळीवाड्यातल्या सात बायकांनी हिरव्या शिंपल्यांची शेती सुरू केली, तेव्हा नोंदी ठेवायला मला बोलावलं. मी साताऱ्याकडचा, नोकरीमुळे इथे आलेला. धाकूबाय त्या सातजणींत थोरल्या. खडकावरची नखाएवढी पिल्लं खरवडून आणायची आणि विरळ सुती कापडात दोरीभोवती गुंडाळायची; अशा साठ माळा तराफ्याखाली टांगलेल्या असत. कापड कुजेपर्यंत शिंपला स्वतःचे धागे काढून दोरी धरतो. त्याला खाणं घालावं लागत नाही, पाणी आणेल ते तो गाळून खातो. "याला पोसाचा न्हाय, नुसता राखाचा," असं त्या म्हणत.

व्यापारी भाव देई तो उकडून काढलेल्या मांसाला, कवचाला नाही. मी दर पंधरवड्याला दहा शिंपले उकडून मांस वेगळं तोलायचो. ते भरतं शेवटच्या दिवसांत, हे वहीत स्पष्ट दिसत होतं. म्हणून काढणीचा दिवस मी सांगायचा असं ठरलं. त्या मला आकरेभाऊ म्हणत. त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो. "आकरेभाऊ, तुमचे वहीला कदी भूक लागतं का?" असं विचारून बाकीच्यांना हसवत.

मे महिन्यात यंत्र बिघडलं. ते दुरुस्त करायला मी अलिबागला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकूबायचा फोन आला.

"भाऊ, पानी गोरं झालंय. माल वर घेऊ का?"

मला वाटलं, गाळ बसला, पाणी नितळ झालं. मी म्हणालो, आठ दिवस राहू द्या, मांस अजून भरतंय. त्या म्हणाल्या, "तुमी म्हनता तं राहू दे."

वरच्या अंगाला पावसाळ्याआधी बंधाऱ्याच्या फळ्या काढल्या होत्या. अडवलेलं पाणी खाडीत उतरत होतं. गोरं म्हणजे गोड.

सहाव्या दिवशी मी परतलो, तेव्हा साठही माळा किनाऱ्यावर पडल्या होत्या आणि वास सुटला होता. जिवंत शिंपल्याला टिचकी मारली की तो मिटतो. धाकूबाय एकेकाला टिचकी मारत बसल्या होत्या. एकही मिटत नव्हता. तुम्हाला चव कळली होती, मग माझं का ऐकलंत, असं मी विचारलं.

"मना वाटला, तुमचे वहीत गोऱ्या पान्याचा बी आकरा असंल."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. पुढच्या वर्षी तराफा पाण्यात गेला नाही. सातहीजणी पुन्हा सुकटीच्या कामाला लागल्या. यंत्र माझ्या कपाटात आहे, नीट चालतं.

धाकूबाय मागच्या थंडीत गेल्या. मी खांदा दिला, घरी येऊन आंघोळ केली, जेवलो. मग वही काढून ते पान पाहिलं. फोन ठेवल्यावर मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं : पाणी गोरं, म्हणजे स्वच्छ. माझ्या वहीत चूक सापडली की मी ती खोडून शेजारी बरोबर आकडा लिहितो. ही ओळ तशीच ठेवली आहे.