घाटातले गृहस्थ

कात्रजचा घाट चढताना माझी जुनी टर्बो गाडी पुन्हा हिसके देऊ लागली. ॲक्सिलरेटरवर पाय स्थिर असूनही इंजिनाचा आवाज चढे आणि पडे. गॅरेजवाले हरले होते. आता ही विकायचीच, असं ठरवून मी कडेला थांबलो.

चहाच्या टपरीवरचे एक वयस्कर गृहस्थ कप हातात घेऊनच आले.

"बॉनेट उघडा. आता रेस करा."

डोळे मिटून, मान तिरकी करून त्यांनी ऐकलं. मग टर्बोची हवा इंजिनात नेणाऱ्या रबरी पाइपला खालून बोट लावलं. तिथे चीर होती. टपरीवाल्याकडची सायकलची जुनी ट्यूब फाडून त्यांनी तिची पट्टी चिरेवर आवळून बांधली. इंजिन एका सुरात चालू लागलं.

"आपण मेकॅनिक का?"

"छे हो, बँकेत होतो. माझीही अशीच गाडी होती. वैतागून विकली. घेणाऱ्याला आठवड्यात चीर सापडली." त्यांनी उरलेला चहा संपवला. "अजून दिसते रस्त्यात. छान पळते."