घरचा फितूर

किल्ल्याच्या पायऱ्यांपाशी पोचलं की आबा सगळ्यांना आधी मागे वळायला लावायचे. किल्ल्याकडे पाठ, तोंड समुद्राकडे. "किल्ला कुटं पळून जात न्हाई. ज्याच्यासाठी बांधला ते आधी बगा." लोक नाइलाजानं वळायचे. समोर नुसतं पाणी. आबा दाढेखालची तंबाखू जिभेनं सारखी करायचे, मग म्हणायचे, "हितनं येनार व्हते."

माझा लोणावळ्यात सहलींचा धंदा आहे. स्टेशनाजवळ एक गाळा आणि दोन बसगाड्या. रविवारी सकाळी माणसं भरायची, घाट उतरून कोकणात न्यायची, ओहोटीला चालत जाता येईल असा एक समुद्रातला किल्ला दाखवायचा, मासे खाऊ घालायचे आणि संध्याकाळी वर आणून सोडायची. अशा सहलीला तुम्हीही गेला असाल. घाटाच्या वळणावर पिशवीत ओकणारी माणसं, खिडकीतून भिरकावलेल्या त्याच पिशव्या, तटावर कुरकुऱ्यांची पाकिटं, तोफेवर घोडा घोडा करून फोटो काढणारे जावई. मला या सगळ्याची पहिल्यापासून किळस येते. पण माझं घर त्याच्यावरच चालतं, हेही तितकंच खरं.

आबा आंदर मावळातल्या एका डोंगरी वाडीतले. थोडकं भात, उरलेले दिवस मजुरी. त्यांच्या वाडीतला भिवा नावाचा पूर्वज कोणे एके काळी या किल्ल्यावर पहाऱ्याला गेला आणि परत वर आला नाही. तेव्हापासून दरवर्षी भात झोडून झालं की वाडीतल्या एका घरानं नवे तांदूळ घेऊन घाट उतरायचा, किल्ल्यावरच शिजवायचे आणि भिवाला नैवेद्य दाखवायचा. घरं पाळीनं ठरलेली, पण आबा कुणाच्याही पाळीला सोबत जायचे. लहानपणापासूनच्या या येण्याजाण्यात आबांना किल्ला पाठ झाला होता आणि बोलायला ते पक्के होते. तेव्हा मी त्यांना बसवर गाईड म्हणून घेतलं.

"भिवा लढाईत पडला का हो?" कुणीतरी विचारायचंच.

"न्हाई. तापानं गेला."

"मग लढाई?"

"झालीच न्हाई. गलबतं आली, तट बगितला, परत गेली. किल्ल्यानं काम केलं की."

आबांच्या मते याहून चांगला इतिहास असू शकत नव्हता. लोक मात्र जांभया द्यायचे. खाडीच्या अंगाला, वाकून जावं लागेल असा एक चोरदरवाजा आहे. तिथं तरी काही ऐकायला मिळेल म्हणून सगळे गोळा व्हायचे, तर आबा सांगायचे, "ह्यातनं मासळी यायची. मोठ्या दारानं आणली की अर्धी किल्लेदाराच्या घरी जायची."

मला हसू यायचं. पण जेवताना एकजण माझ्यासमोर म्हणाला, "यापेक्षा मोबाईलवर बघितला असता." ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी आबांना गाळ्यात बोलावून चहा पाजला आणि म्हणालो, "आबा, त्या चोरदरवाजाशी जरा फितुरी घाला. रात्री कुणीतरी दार उघडलं, शत्रू आत आला, असं काहीतरी. लोकांना रक्त लागतं."

"फितूर कोन व्हता म्हनायचं?"

"कुणीही. एखादं नाव ठेवून द्या."

"आसं कसं ठिवायचं, शेठ? त्या नावाची पोरंबाळं असतीन कुटंतरी."

"आबा, तुम्ही पण ना. करून टाका."

पुढच्या रविवारी त्यांनी केलं. आणि काय केलं. दाराशी पाठ लावून, आवाज बसवून ते म्हणाले, की इथल्या पहारेकऱ्यानं कडी काढली आणि झोपलेली माणसं कापली गेली. "मावळातला व्हता तो. भिवा त्याचं नाव." बायकांनी तोंडावर हात ठेवले. सगळ्यांचे मोबाईल वर आले. मी मागे उभा होतो आणि मला आनंद झाला.

परतताना बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो. "आबा, भिवाच कसा काय सुचला?"

"घरचाच हाय," आबा म्हणाले. "दुसऱ्याचा कशाला नासवायचा? आपला असला तर समजून घील."

मी हसलो. तुम्हाला सांगतो, त्या हसण्याची मला आज जेवढी घाण वाटते तेवढी त्या ओकाऱ्यांची कधी वाटली नाही.

मग ते व्हिडिओ फिरले. कुणी कधी सुरू केलं माहीत नाही, पण येणारा प्रत्येकजण चोरदरवाजात एकेक दगड मारू लागला. बाकीच्या सहलीवालेही आपल्या माणसांना तिथं थांबवू लागले. उंबऱ्याशी ढीग झाला. आमच्या बस भरून जाऊ लागल्या.

वाडीला कळलं ते एका लग्नात. पंगतीत पाहुण्यांतला एक म्हणाला, "जपून रं, भिवाची वाडी ही. रातचं दाराला कुलूप लावा." वाडीनं आबांना मारलं नाही की शिवी दिली नाही. त्या साली नैवेद्याची पाळी आबांच्या घराची होती. वाडीनं त्यांचं घर वगळलं आणि पाळी पुढच्या घराला दिली.

आबा गाळ्यात आले ते बसलेच नाहीत. "शेठ, एकदा दारापाशी हुभं राहून तुमी सांगा, ह्ये खोटं म्हनून. मोबाईलमधी येऊ द्या. त्याबिगर वाडी मला पाळी देत न्हाई. औंदा गेली ती गेली."

"बघू," मी म्हणालो.

माझं बघणं होईना, तेव्हा एका रविवारी ते स्वतःच बसमध्ये येऊन मागच्या सीटवर बसले. त्यांच्या जागी घेतलेला नवा गाईड पोरगा चोरदरवाजाशी रंगात आला होता. लोकांनी दगड उचलले. आबा पुढे जाऊन दारात आडवे उभे राहिले.

"मारू नगा. त्यानं कडी काडली न्हाई. म्या बनीवली ही गोष्ट."

लोक गोंधळले. एका मुलीनं मोबाईलवर काहीतरी शोधून त्यांच्यासमोर धरलं. "पण काका, हे तुम्हीच सांगताय ना?" मोबाईलमधले आबा आवाज बसवून भिवाचं नाव घेत होते.

"व्हय. मीच. खोटं सांगितलं." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यास्नी विचारा."

सगळे माझ्याकडे वळले. "सर, खरं काय आहे?"

मी घड्याळाकडे बघितलं. म्हणालो, "भरती लागतेय. चला, चला, आटपा."

आबा त्यानंतर दोन पावसाळेही राहिले नाहीत. वाडीतून निरोप आला, मी गेलो नाही. त्यांच्या घराला पाळी पुन्हा मिळाली की नाही, हेही विचारलं नाही. दगड अजून पडतात. माझ्या बस अजून जातात.

त्या दिवशी मी माणसं हाकत निघालो आणि एकदाच मागे बघितलं. आबा खाली बसून दारातले दगड धोतराच्या सोग्यात भरत होते. आमच्यातला एकजण रेंगाळला होता. त्यानं आबांच्या डोक्यावरून आपला दगड आत टाकला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "सॉरी हं, काका."

आबांनी तोही उचलला.