सुराची शिट्टी

खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडाला एकदा फेस लागला की त्याला वाद घालता येत नाही, आणि या गोष्टीचा तबकडीने आयुष्यभर फायदा घेतला. हनुवटीखाली वस्तरा फिरतोय आणि कानाशी साहेबांचं आख्यान चाललंय. साहेबांनी कुठल्या गाण्यात श्वास कुठे चोरला, भर कार्यक्रमात वीज गेली तेव्हा अंधारातच गाणं कसं पुरं केलं, कुठल्या रेकॉर्डच्या वेष्टनावर फोटो उलटा छापल्यामुळे त्यांचा भांग उजवीकडे गेलाय. दाढी संपायची, पण हे संपायचं नाही. म्हणून नाव पडलं तबकडी. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण न्हाव्याच्या दुकानाची पाटी कोण वाचतो?

साहेब म्हणजे त्याचा गायक. एके काळी कुठल्याही घराच्या खिडकीखालून जा, आतून तोच आवाज येई. मग नवे आवाज आले, साहेबांनी कार्यक्रम थांबवले आणि लोक विसरले. तबकडी मात्र जमवत राहिला. प्रत्येक रेकॉर्डच्या दोन प्रती, एक वाजवायला आणि एक नुसती घरात असायला. फाटलेली तिकिटं, मासिकांतली कात्रणं. भिंतीवरचं पोस्टर ओल्या फडक्याने भिजवून, कडेने पातं सरकवत तो असं अलगद सोडवी की भिंतीलाही कळू नये. घरातल्या एकुलत्या मोठ्या कपाटात बायकोच्या वाट्याला एक खण उरला होता.

"सवत असेल असं कुणी सांगितलं नव्हतं मला," ती शेजारणींना सांगे. "आणि ती बाप्या निघेल हे तर माझ्या बापालाही सुचलं नसतं."

तबकडी हसे. बोलणी खायची त्याला सवय होती. एकच सल होता. साहेबांना त्याने कधी जवळून पाहिलं नव्हतं. सहीसाठी गर्दीत घुसला तेव्हा दर वेळी कोपर खाऊन परत आला होता.

दुकान बंद असायचं त्या दिवशी तो गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांच्या दाढ्या करी. एकदा तिथल्या मावशीने त्याला कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. मावशी म्हणजे तिथली सगळं बघणारी बाई. आंघोळी, चादरी, गोळ्या, भरवणं, सगळं तिच्याकडे. खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. दाढी छातीपर्यंत.

"नवे आहेत," मावशी म्हणाली. "कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणे पूर्वी गायचे. आता काल काय जेवले तेही आठवत नाही. बघा तुम्हाला जमतंय का."

त्याने आधी कात्रीने दाढी उतरवली, मग फेस केला. गालावरून पहिला हात फिरला, दुसरा फिरला, आणि फेसाखालून एक एक करून ओळखीचं वर यायला लागलं. हनुवटीवरची खळी. ओठाच्या कडेची तिरपी रेघ. गळ्यावरचं ते उंच हाड, जे रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याने हजारदा पाहिलं होतं. तबकडीचा हात जागच्या जागी थांबला. ज्या गळ्यासाठी कपाट भरलं, बायकोचे टोमणे खाल्ले, तो गळा त्याच्या वस्तऱ्याखाली शांत वर-खाली होत होता.

सगळ्या गावाला साहेबांचं पुराण ऐकवणाऱ्या तबकडीला साहेबांसमोर एक शब्द सुचला नाही. त्याने तुरटी फिरवली, टॉवेलने चेहरा टिपला, आरसा धरला.

साहेबांनी स्वतःला बराच वेळ न्याहाळलं. "हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. मग खिशातलं पेन काढून पुढे केलं. "घे. ठेव."

"नको, साहेब."

"देतोय तर घ्यावं. नाही म्हणणारा माणूस मला आवडत नाही."

त्याने घेतलं. आता इथपर्यंत त्याला कोण काय म्हणणार? प्रेमाने दिलं, मानाने घेतलं. पण पुढच्या वेळी गेला तेव्हा साहेबांच्या शर्टाच्या बाहीवर निळ्या खड्याची बटणं होती. ही बटणं तबकडीला माहीत होती. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर ती होती, आणि ते मासिक त्याच्या कपाटात तिसऱ्या खणात होतं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "काय सुरेख बटणं आहेत, साहेब!"

साहेबांनी ती लगेच काढून त्याच्या हातावर ठेवली.

त्या दिवशी तबकडीला एक गोष्ट कळली, आणि ती कळली नसती तर बरं झालं असतं. साहेबांच्या वस्तूची स्तुती केली की ती वस्तू आपली होते. मग तो स्तुती करायला लागला. कोपऱ्यात नक्षी असलेला रुमाल. चामड्याची चष्म्याची पेटी. कार्यक्रमात गळ्यात असायचा तो रेशमी स्कार्फ. घरी आला की हात धुऊन तो वस्तू कपाटातल्या काचेच्या फळीवर मांडी आणि मागे सरून बघत राही. साहेबांनी स्वतःच्या हाताने दिलंय, असं तो मनाशी म्हणे. हे त्याला जरा जास्तच वेळा म्हणावं लागायचं.

राहिली होती शिट्टी. खेळातली नव्हे. गाणं सुरू करण्याआधी पहिला सूर पकडायला साहेब ती बोटाएवढी धातूची शिट्टी ओठांशी नेत, हळूच फुंकत आणि मग गात. स्टेजवरच्या प्रत्येक फोटोत ती वरच्या खिशातून डोकावे. आजही ती खिशात होती, आणि गाणं कधीच सुटलेलं असलं तरी साहेब तिच्यावर बोट ठेवून बसायचे.

एके दिवशी तबकडीने दाढी नेहमीपेक्षा सावकाश केली. मग आरसा धरता धरता म्हणाला, "साहेब, शिट्टी काय झकास आहे हो."

साहेब पहिल्यांदाच थबकले. बोट शिट्टीवर होतं ते तिथेच राहिलं. तबकडीने नजर हलवली नाही. गिऱ्हाईक हो म्हणेपर्यंत आरसा धरून उभं राहायची त्याला सवय होती.

"घे," साहेब शेवटी म्हणाले.

पुढच्या वेळी तो गेला तेव्हा मावशी खोलीबाहेर उभी होती. हातात सूपाची वाटी तशीच, वर साय धरलेली.

"बरं झालं आलात, दादा. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत हो. त्यांची कसलीशी शिट्टी गेलीये. सकाळी उठले की खिसे चाचपतात आणि मला म्हणतात, तू चोरलीस. चमचा पुढे केला तर तोंड फिरवतात. बाकीच्या बायकांना तर जवळही येऊ देत नाहीत. आश्रमाच्या मोठ्या बाईंनी कालच मला बोलावून विचारलं, खोलीतल्या वस्तू कमी कशा होतात? इतकी वर्षं इथे गेली माझी. कुणाची साधी सुई उचलली नाही." तिने पदराने डोळे पुसले नाहीत की काही नाही. चिडली होती. "तुमच्यावर त्यांचा जीव आहे. सांगा ना त्यांना, ही बाई तशी नाही."

तबकडीने मान हलवली. "सांगतो," तो म्हणाला.

आणि खरंच सांगितलं. फेस लावता लावता म्हणाला, "साहेब, मावशी तशी नाही. चांगली बाई आहे."

साहेबांनी डोळे उघडले. आठवड्याभरात गाल आत गेले होते, वस्तऱ्याला खड्डा लागत होता. "तू साधा माणूस आहेस," ते मायेने म्हणाले. "तुला माणसं कळत नाहीत."

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तबकडीच्या हातून गिऱ्हाइकाला वस्तरा लागला. नखाएवढंच, कानाखाली. तबकडीने तुरटी धरली ती रक्त थांबल्यावरही काढली नाही.

घरी बायको फळी पुसत होती. तिने शिट्टी उचलली, उजेडात धरली.

"ही कुठून आणलीत?"

"साहेबांनी दिली."

"पेनही त्यांनी दिलं, स्कार्फही त्यांनी दिला. बरेच दानशूर आहेत की." ती शिट्टी हातात तोलत राहिली. "दिली कुणी ते नका सांगू. मागितली कुणी ते सांगा."

"मागितली नाही गं. नुसतं चांगली आहे म्हणालो."

"अहो, मी तुमच्याशी संसार केलाय. तुम्हाला चहा हवा असला की तुम्ही काय म्हणता? आज हवा गार आहे म्हणता." तिने शिट्टी खाली ठेवली. "या घरात ढीगभर कचरा सांभाळला मी. म्हटलं, बाहेरून उचलून आणतात, कुणाचं काही जात नाही. हे तसं नाही."

तबकडी खाली बसला. मग मात्र त्याने तिला सगळं सांगितलं, मावशीचंसुद्धा. बायकोने एक टोमणा मारला नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलंच नाही. सगळ्या वस्तू पिशवीत घातल्या आणि आश्रमात गेला. वाटेत त्याने वाक्य ठरवलं होतं. साहेब, मी नेली होती. चार शब्द. पण खोलीत शिरला, मावशीला पलंगाशी उभी पाहिली, आणि ते चार शब्द कुठल्या कुठे पळाले. त्याने शिट्टी साहेबांच्या हातात ठेवली.

साहेबांचा चेहरा उजळला. असा उजळलेला तो तबकडीने फक्त फोटोंत पाहिला होता. "कुठे मिळाली?"

"गादीखाली," तबकडी म्हणाला.

मग साहेबांनी मावशीकडे बोट केलं. "गादी कोण घालतं? हीच ना? लपवली होती हिने. मला माहीत होतं." मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांनी शिट्टी परत तबकडीच्या मुठीत कोंबली. "तू घे. इथे तूच एक प्रामाणिक आहेस. माझ्याकडे ही टिकायची नाही."

ती इवलीशी शिट्टी त्याला पेलवेना.

"साहेब, गादीखाली नव्हती," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "माझ्या घरी होती. माझ्या कपाटात. तुम्हाला द्यायची नव्हती, मी उभा राहिलो म्हणून दिलीत. हे बघा, सगळं माझ्याकडेच आहे." त्याने पिशवी पलंगावर उपडी केली. पेन, बटणं, रुमाल, पेटी, स्कार्फ.

साहेबांनी त्या वस्तूंकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आणि त्याच्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "असं बोलायला हिने लावलं का तुला?"

मावशी मघापासून तबकडीकडे बघत होती. "केसाने गळा कापलात की हो माझा," ती म्हणाली, अगदी हळू. "काल मी तुम्हालाच सांगत होते. तुम्हालाच. आणि तुम्ही मान हलवत होतात."

तबकडी तिथून बाईंच्या ऑफिसात गेला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून आला. बाईंनी मावशीची माफी मागितली. वस्तू खोलीत परत लागल्या. पण साहेबांच्या डोक्यातलं काही निघालं नाही. बाकी सगळं विसरणाऱ्या माणसाला एवढी एकच गोष्ट लख्ख आठवत होती, की ही बाई चोर. संध्याकाळी मावशीने चमचा पुढे केला तेव्हा त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

तबकडी दाराशीच घुटमळत होता. मावशीने वाटी त्याच्या हातात दिली.

"तुमच्या हातून खातात ना? मग भरवा. उद्याही या. परवाही या. दुकान उघडायच्या आधी यायचं आणि बंद केल्यावर यायचं. बरे होईपर्यंत म्हणत नाही मी, कारण ते आता बरे व्हायचे नाहीत."

"येतो," तबकडी म्हणाला.

"चमचा भरून नका घेऊ. अर्धा. आणि गिळेपर्यंत दुसरा पुढे करायचा नाही, ठसका लागतो."

तेव्हापासून तो जातो. मावशीने साहेबांच्या शिट्टीला दोरी ओवून ती शर्टाच्या काजाला बांधून टाकलीये. पेन मात्र साहेबांनी तपासायला आलेल्या डॉक्टरला देऊन टाकलं, तबकडीच्या डोळ्यांदेखत. त्याला ते लागलं. पण लागल्याचं सांगण्याची सोय त्याच्याकडे उरली नव्हती. आता तो दुकानात दाढी करतो तेव्हा गिऱ्हाईकच विचारतं, काय तबकडी, आज साहेब कुठे गेले? तो म्हणतो, मान जरा वर करा.

साहेब खाण्याआधी रोज एक काम करतात. मावशी चादर बदलत असते, तिच्याकडे डोळ्याने खूण करतात आणि तबकडीला जवळ ओढून कुजबुजतात, "जपून रहा. ती चोर आहे."

"चोर मी आहे, साहेब," तबकडी म्हणतो. मावशीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणतो, रोज.

साहेबांना हा विनोद वाटतो. ते खदखदून हसतात, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसताना तोंड उघडतं.

"घाला, घाला," मावशी उशीला खोळ चढवता चढवता म्हणते, त्याच्याकडे न बघता. "आता उघडलंय तोंड. गार होतंय ते."