मास्तरांना लावलेलं तेल

माझ्या आत्याला गल्लीत सगळे कढईबाई म्हणायचे. तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटत नसे. "कढईला काळं म्हटलं तर कढई रुसते का?" असं म्हणून ती हसायची. एका काष्ठौषधींच्या दुकानात मागच्या खोलीत ती तेलं कढवायची. एकतीस वर्षं तिने तेच एक काम केलं. पुढे दुकान, त्यात भिंतभर लाकडी खण. मागे तिची खोली, दोन चुली, तीन कढया, एक पाटा आणि उंचावर एक खिडकी, जिच्यातून फक्त शेजारच्या घराची पन्हळ दिसायची.

तिच्या अंगाला कायम वास असायचा. कधी माक्याचा, कधी वेखंडाचा, पावसाळ्यात करंजाचा, कारण तेव्हा लोकांना खरूज फार व्हायची. केसांचं तेल, दाढेचं लवंगतेल, गुडघ्यांचं तेल, सगळं तिच्या हातचं. लोक दुकानदाराकडे औषध मागायचे आणि हळूच विचारायचे, "बाईंनीच कढवलंय ना?"

तेल झालं की नाही हे ती कानाने ओळखायची. पाल्याचा काढा आणि वाटलेला गोळा तेलात पडला की ते तडतडतं, कुरकुरतं. पाणी आटत जातं तसा आवाज बारीक होतो, आणि मग तेल गप्प होतं. "गप्प झालं की उतरवायचं," ती म्हणायची. खात्रीसाठी कापसाची वात त्यात बुडवून पेटवायची. वात न तडतडता जळली की काम झालं.

हे मी सांगते आहे ते तिच्या तोंडून ऐकलेलं. तिने ते मला एकदाच सांगितलं, तिच्या सत्तरीनंतर, आणि त्यानंतर त्यावर बोलू दिलं नाही.

त्या वर्षी दुकानात निर्गुडीच्या वाळक्या पाल्याचं नवं पोतं आलं होतं. नेहमीचा पाला आणणारा माणूस आजारी होता, म्हणून दुसऱ्याकडून घेतलं. पाला चुरा झालेला होता. निर्गुडीचा वास उग्र. एवढ्या वासात दुसरं काही मिसळलं असेल तर नाकाला कळणं कठीण. आत्याने मूठभर हातात घेतला, हुंगला आणि वाटायला काढला.

ते तेल गप्प होईना. पाणी केव्हाच आटलं होतं, फेस यायचा तसा आला, रंग बसला, पण मधूनच एक बारीक टचकन् आवाज यायचा, जसं कोणी नखावर नख वाजवावं. वात मात्र नीट जळली. दुकानदाराने बाहेरून विचारलं, "झालं का? लोक खोळंबलेत." आत्या म्हणाली, "झालं," आणि कढई उतरवली. त्या तेलाच्या पाच बाटल्या भरल्या.

त्यातली एक मास्तरांकडे गेली.

मास्तर म्हणजे शिंपी. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं दुकान होतं आणि दुकानामागे घर. पडून कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून दोन महिने ते मागच्या खोलीत एका जागी पडून होते. कूस बदलायलासुद्धा माणूस लागायचा. मुलगा परगावी कामाला. सून पुढे मास्तरांचंच मशीन चालवून घर ओढत होती. ती दुकानात येऊन आत्याला म्हणाली, "मावशी, तेल नेते, पण चोळायचं कसं ते मला कळत नाही. मी जोर लावला की ते कळवळतात. तुम्ही याल का चार दिवस?"

आत्या गेली. दुपारी कढया थंड झाल्या की जायची. खोली लांबट होती, एका बाजूला पलंग, भिंतीला खुंट्यांवर पुठ्ठ्याचे मापाचे तुकडे टांगलेले. पुढून मशीनचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मास्तर बोलके. पहिल्या दिवशी म्हणाले, "बाई, आयुष्यभर लोकांच्या कंबरा मोजल्या, शेवटी स्वतःचीच उसवली." आत्याने त्यांचे पाय, मांड्या, कंबर आणि पाठ चोळली. पाठीला पडून पडून दोन ठिकाणी साल गेली होती. ती जागा तिने टाळली, पण तेल ओघळतंच.

दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, झोप छान लागली. तोंडाला मात्र कोरड पडतेय.

तिसऱ्या दिवशी आत्या खोलीत शिरली तेव्हा मास्तर शिवत होते. हातात काही नव्हतं. डाव्या चिमटीत नसलेलं कापड धरलं होतं, उजव्या हाताने टाके घालत होते, दोरा ओढत होते, दाताने तोडत होते. इतकं नीट की आत्या म्हणते, तिला दोऱ्याची लांबी दिसत होती. तिने हाक मारली तेव्हा ते थांबले, लाजल्यासारखे हसले. "सवय, बाई. हात रिकामे राहत नाहीत."

सून म्हणाली, "सकाळपासून असंच चाललंय. वय झालं, दुसरं काय."

चौथ्या दुपारी आत्या त्यांची पाठ चोळत होती. तिची स्वतःची पाठ दाराकडे होती. मास्तर कुशीवर होते, तोंड तिच्याकडे. ते तिच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाले, "तिला म्हणावं, सरळ उभी राहा. असं माप कसं घेऊ?"

"कोणाला, मास्तर?"

"तुमच्यामागे आहे ती. डावा खांदा खाली पाडून उभी आहे पोरगी."

आत्याने वळून पाहिलं. दार, उंबरा, पलीकडे सुनेची पाठ. मशीन चालू होतं.

"किती मोठी आहे?" आत्याने विचारलं. का विचारलं, ते तिलाच कळलं नाही.

"आठनऊची असेल. एक वेणी सुटलीये. ती म्हणते, पाणी मागितलं होतं."

इथे मला सांगायला हवं की माझ्या वडिलांना आणि आत्याला एक धाकटी बहीण होती. नऊ वर्षांची असताना तापाने गेली. झाडावरून पडून तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, ते वाकडं जुळलं, म्हणून डावा खांदा खाली असायचा. ती गेली त्या दुपारी आत्याला, बारा वर्षांची होती ती तेव्हा, तिच्याजवळ बसवून आई बाहेर गेली होती. आत्या अर्धा तास बसली. मग अंगणात मैत्रिणी खेळत होत्या, तिकडे गेली. परत आली तेव्हा धाकटी गेली होती. आत्या उठून गेली होती हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं, "मी इथेच होते, ती झोपेतच गेली." सगळ्यांनी विश्वास ठेवला. माझ्या वडिलांनी तर मरेपर्यंत.

आत्याने त्या दिवशी हात पुसले आणि घरी आली. जेवली नाही.

पाचव्या दुपारी ती गेली तेव्हा मास्तरांच्या तोंडावर उजेड पडला होता, आणि तिने त्यांचे डोळे पाहिले. बाहुल्या एवढ्या पसरलेल्या की डोळ्यांना रंगच उरला नव्हता. अंग तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. चेहरा लाल. ओठांना ओठ चिकटत होते.

तिने हे आधी पाहिलं होतं. दुकानात ओझी वाहणाऱ्या एकाने कधीतरी पैजेवर धोतऱ्याचं बी खाल्लं होतं. तोही दोन दिवस हवेतून काहीतरी वेचत होता, नसलेल्या माणसांशी भांडत होता. आत्याला एका क्षणात सगळं कळलं. पोत्यात धोतरा होता. कढईत टचकन् वाजत होतं ते पाणी नव्हतं, फुटणारं बी होतं. आणि ते तेल चार दिवस या म्हाताऱ्याच्या सोललेल्या पाठीतून आत उतरत होतं.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

आत्याने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "मी बाटलीचं बूच काढलं."

"म्हणजे?"

"म्हणजे लावलं. माहीत असून लावलं. मला वाटलं, आणखी एकदाच. ती आणखी काय म्हणते ते ऐकू, मग थांबवू. एक दुपार. माणूस एका दुपारीत मरत नाही, असं मी स्वतःला सांगितलं."

तिने तेल चोळलं, पाठीला, मानेला, कानशिलांना. मग पलंगाच्या कडेला बसून राहिली. मास्तर डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. पुढे मशीन थांबलं होतं. सून गिऱ्हाइकाशी बोलत होती. आत्याने हळूच विचारलं, "मास्तर, ती आहे का माझ्यामागे?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"गेली?"

"तुमच्यामागे नाही. इकडे आली." ते कोरड्या जिभेने अडखळत बोलत होते. "दमलीये. निजू दे तिला. मी सरकतो."

आत्याने पाहिलं. मास्तर भिंतीकडे सरकले होते. दोन महिने ज्यांना कूस बदलायला माणूस लागत होता, ते वीतभर सरकले होते, कण्हल्याशिवाय, आणि त्यांच्या उजव्या बाजूला पलंगावर एका लहान मुलाला पुरेल एवढी जागा रिकामी झाली होती. मास्तरांनी पांघरुणाचं टोक उचललं, त्या जागेवर पसरलं आणि थोपटलं.

"ती म्हणते, तुम्हीही चला," मास्तर म्हणाले. "म्हणजे मला म्हणते. तुम्हाला नाही. तुम्हाला ती काही म्हणत नाही."

मग त्यांचा श्वास भराभर चालायला लागला.

आत्या सांगते, तिला त्या वेळी भीती वाटली ती पोरीची नाही, स्वतःच्या हातांची. ते तेलाने चमकत होते. ती धावत मोरीत गेली, बादलीभर कोमट पाणी आणि साबण आणला, आणि मास्तरांचं अंग पुसून काढलं. एकदा, दोनदा, तीनदा. सुनेला हाक मारली. ती आली तशी आत्या म्हणाली, "पोरी, तेलात धोतरा आहे. माझ्या हातून गेलाय. डॉक्टरला बोलाव, आणि त्यांना हेच सांग, काही लपवू नकोस."

सुनेने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ता," आत्या म्हणाली. तेवढं एक खोटं तिने सांगितलं.

डॉक्टर आले, मास्तरांना दवाखान्यात हलवलं. दोन रात्री सून उशाशी बसली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी पाणी मागितलं आणि म्हणाले, "माझा चष्मा कुठंय?" डॉक्टरांनी समजावून सांगितलं की धोतऱ्याने अशी भुतं दिसतातच. पाणी मागणारी पोरगी? तहान त्यांची स्वतःचीच होती. खांदा? अहो, शिंप्याला माणूस दिसतो तोच खांद्यापासून. सगळं पटण्यासारखं होतं. पलंगावर सरकण्याचं आत्याने डॉक्टरांना सांगितलंच नाही.

दुकानात जाऊन तिने ते पोतं जमिनीवर ओतलं. चुऱ्यात रुंद पानांचे तुकडे होते, आणि काटेरी बोंडांच्या साली. दुकानदार आधी म्हणाला, "गाजावाजा नको, बाई. मी बघतो काय ते." मग तो स्वतः खाली बसला आणि तिच्याबरोबर तुकडे वेचायला लागला. उरलेल्या चार बाटल्या कोणाकडे गेल्या ते आत्याला पाठ होतं. ती चारही घरी स्वतः गेली. तिघांनी गुडघ्याला दोनचार थेंबच लावले होते, त्यांना काही झालं नव्हतं. चौथ्या घरच्या आजीबाईंना बाटली परत द्यायचं जिवावर आलं. म्हणाल्या, "धोतरा असो नाहीतर आणखी काही, गुडघा दुखायचा राहिला ना माझा!" आत्याने बाटली त्यांच्या हातातून ओढूनच घेतली.

लोक काही दिवस बोलले. मग पावसाळा आला, खरूज आली, आणि पुन्हा दुकानात विचारू लागले, बाईंनीच कढवलंय ना? आत्या आता प्रत्येक पाला पांढऱ्या कापडावर पसरून पान अन् पान बघायची. एका दिवसाच्या कामाला दोन दिवस लागायचे.

मास्तर पुढे चार वर्षं जगले. काठी टेकत दुकानात येऊन बसायचे, सुनेच्या शिवणात चुका काढायचे. आत्या दर आठवड्याला त्यांना नुसतं तिळाचं तेल चोळायला जायची, त्यांनी नको म्हटलं तरी. त्या पाच दुपारींतलं त्यांना काही आठवत नव्हतं. एकदाच, पायाला तेल लावून घेताना, ते सहज म्हणाले, "बाई, मी आजारी होतो तेव्हा तुम्ही एखादी लहान पोर बरोबर आणायचात का?"

"नाही," आत्या म्हणाली.

"मग उगाच. मला आपलं वाटलं, पलंगावर कोणीतरी निजायचं. उशीला केसांचा वास यायचा."

आत्याने विचारलं नाही, कसला वास. पाय चोळून झाला, हात पुसले, आणि ती निघाली.

तिचं हे सगळं सांगून झाल्यावर मी तिला विचारलं, तुला काय वाटतं, खरंच कोणी होतं का? ती म्हणाली, "डॉक्टर सांगतात ते खरं." मग उठली आणि चहा ठेवायला गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतका वेळ ती मोकळी खुर्ची सोडून कोपऱ्यात जमिनीवर बसली होती, दोन्ही बाजूंच्या भिंती जिथे मिळतात तिथे, पाठ अगदी आत दाबून. आणि मग आठवलं, लहानपणापासून मी तिला तशीच बसलेली पाहत आले होते. आमच्या घरी, लग्नात, दवाखान्यात. मागे कोणाला उभं राहायला जागा उरणार नाही अशी.